शाळकरी मुलांची पदे आणि राजद्रोहाचे कलम

मुलांच्या पुस्तकांवरील बंदीचा विषय निघाला की मराठी वाचकाला सामान्यतः अमेरिकेतील शालेय ग्रंथालयांतले वाद, हॅरी पॉटरवर घेतले गेलेले आक्षेप किंवा मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' ही कादंबरी १८८५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने काढून टाकल्याचा प्रसंग आठवतो, आणि हा प्रश्न मूलतः परदेशातला आहे असा समज करून घेतला जातो. वस्तुतः शाळकरी मुले आणि तरुण यांच्या तोंडी बसावीत म्हणून रचलेल्या पदांची एक लहानशी पुस्तिका छापल्याबद्दल एका माणसाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाल्याची घटना नाशिक शहरात घडलेली आहे, आणि मुलांपर्यंत काय पोहोचावे व काय पोहोचू नये हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास या घटनेला वगळून लिहिता येत नाही.

ही घटना समजण्यासाठी 'मेळा' ही संस्था काय होती हे प्रथम पाहावे लागते. १८९३-९४ च्या सुमारास पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, तेव्हा त्याच्याबरोबरच मुलांची गायनपथके उभी राहिली. एकसारखा, पुष्कळदा मावळ्यांच्या वेषाची आठवण करून देणारा पोशाख घालून, लेझीम खेळत, कित्येक आठवडे तालमी करून बसवलेली पदे ही मुले गणपतीपुढे आणि रस्त्यांतून म्हणत असत. पदांच्या चाली लोकांच्या ओळखीच्या असत, त्यामुळे एकदा ऐकलेले पद दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या इतर मुलांच्याही तोंडी जाई, आणि त्यांच्या स्वस्त छापील पुस्तिकाही विकल्या जात. शाळेतील क्रमिक पुस्तके सरकारी शिक्षणखात्याच्या मान्यतेने येत असताना मेळ्याची पदावली हे मुलांच्या हाती पडणारे असे छापील वाङ्मय होते की ज्यावर खात्याचा शिक्का नव्हता. आजच्या अर्थाने त्याला बालसाहित्य म्हणणे अवघड आहे, कारण त्या काळात मुलांसाठी आणि प्रौढांसाठी असे वाङ्मयाचे काटेकोर कप्पे पडलेले नव्हते. परंतु ते पाठ करणारे आणि रस्त्यावर म्हणणारे प्रामुख्याने शाळकरी वयाचे होते, ही गोष्ट लोकांना माहीत होती आणि सरकारलाही होती.

नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीच्या परिसरात १९०० सालच्या आरंभी 'मित्रमेळा' स्थापन झाला. विनायक दामोदर सावरकर त्या वेळी शाळेत शिकत होते. त्यांचे थोरले बंधू गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव हे या मंडळाचा प्रत्यक्ष संसार सांभाळणारे कार्यकर्ते होते. याच गल्लीत गोविंद त्र्यंबक दरेकर हे पायांनी पंगू झालेले, सुरुवातीला लावण्या रचणारे कवी राहत होते. सावरकर बंधूंच्या सहवासात त्यांची प्रतिभा देशभक्तीच्या पदांकडे वळली आणि पुढे महाराष्ट्राने त्यांना स्वातंत्र्यकवी गोविंद या नावाने ओळखले. मित्रमेळ्यासाठी त्यांनी रचलेली पदे शिवाजी, मावळे, देवदैत्यांची युद्धे अशा मुलांना आधीपासून ठाऊक असलेल्या विषयांवर होती, आणि युद्धावाचून स्वातंत्र्य मिळाल्याचा दाखला जगात कोठे आहे काय, असा प्रश्न त्यांतील एक पद राम, कृष्ण आणि परदेशी वीर यांची नावे घेत उघडपणे विचारीत होते. मित्रमेळ्याचे रूपांतर १९०४ मध्ये 'अभिनव भारत' या संस्थेत झाले. स्वतः विनायकरावांनी सिंहगडावर आणि बाजीप्रभूंवर रचलेले पोवाडेही मुलांच्या तोंडी गेले आणि पुढे सरकारने जप्त केले. पायांनी अधू असलेल्या आणि त्या गल्लीपलीकडे फारसे न जाऊ शकलेल्या कवीची रचना मुलांच्या पायांनी गावभर हिंडली, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जितक्या आदराने नोंदवली जावयास हवी होती तितकी ती नोंदवली गेलेली नाही.

सरकारची नजर नाशिकच्या मुलांवर या पुस्तिकेच्या आधीपासूनच होती. १९०६ च्या दसऱ्याच्या वेळी 'वंदे मातरम्'चा घोष केल्यावरून नाशिकमध्ये खटला झाला, आणि १९०७ मध्ये भारत सरकारचे गृहसचिव रिस्ले यांनी विद्यार्थ्यांनी राजकारणापासून दूर राहावे यासाठी शाळा-महाविद्यालयांना उद्देशून परिपत्रक काढले. अशा वातावरणात बाबारावांनी 'लघु अभिनव भारत माला' या नावाने गोविंदांच्या रचनांची पुस्तिका छापली आणि १९०९ च्या आरंभी त्यांना अटक झाली. त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत भारतीय दंडसंहितेची दोन कलमे होती. त्यांपैकी कलम १२४अ हे राजद्रोहाचे, म्हणजे सरकारविषयी अप्रीती पसरविण्याचे कलम होते, ज्याखाली १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना शिक्षा झालेली होती. दुसरे कलम १२१ हे राजाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा त्याला चिथावणी देणे याविषयीचे होते आणि त्याची किमान शिक्षाच जन्मठेप होती. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने बाबारावांना या दुसऱ्या कलमाखाली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा आणि मालमत्ता जप्तीचा हुकूम दिला. पोलिसांना बाबारावांविषयी पदांखेरीज आणखीही संशय होते, आणि त्यांच्या घराच्या झडतीत स्फोटके तयार करण्याविषयीचा मजकूरही सापडला होता, हे खरे आहे. परंतु ज्या कृत्यासाठी शिक्षा सुनावली गेली ते कृत्य पदे छापण्याचे होते.

या खटल्यात न्यायालयापुढे आलेला प्रश्न वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने आवर्जून अभ्यासावा असा आहे. पदांत इंग्रजांचे नाव घेऊन त्यांना मारा असे सांगितलेले नव्हते. त्यांत देव होते, दैत्य होते, शिवाजी महाराज होते आणि जुनी युद्धे होती. तेव्हा पुराणातील आणि इतिहासातील युद्धाचे वर्णन करणे म्हणजे प्रचलित सरकारविरुद्ध युद्धाला चिथावणी देणे होते काय, हे ठरवायचे होते. उच्च न्यायालयात अपिलाचा निकाल नोव्हेंबर १९०९ मध्ये लागला. न्यायमूर्ती नारायण चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांनी शिक्षा कायम केली. देवांची व वीरांची नावे हे केवळ निमित्त असून परके आणि जुलमी सरकार तलवारीने उलथून टाका हाच या रचनेचा मूळ उपदेश आहे, असा चंदावरकरांच्या विवेचनाचा आशय होता, आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाने तोच पुन्हा उद्धृत केला. चंदावरकर हे प्रार्थना समाजाचे पुढारी आणि काँग्रेसचे एकेकाळचे अध्यक्ष होते, आणि त्यांनी केलेला पदांचा अर्थ चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. गोविंदांना जे सुचवायचे होते ते त्यांनी नेमके ओळखले. गल्लीतल्या मुलांनीही ते तसेच ओळखले होते. न्याय बिघडला तो अर्थ लावताना नव्हे, तर अर्थ लावल्यानंतरच्या पायरीवर, कारण रूपकाचा अर्थ कळणे आणि रूपक म्हणजे प्रत्यक्ष युद्ध समजणे यांत जे अंतर आहे ते या निकालाने पुसून टाकले, आणि एका पातळ पुस्तिकेची किंमत म्हणून एका माणसाच्या आयुष्याची जवळपास तेरा वर्षे तुरुंगात गेली. बाबाराव अंदमानच्या सेल्युलर जेलमधून १९२१ मध्ये हिंदुस्थानात परत आणले गेले आणि १९२२ मध्ये सुटले. कवी गोविंद नाशिकमध्येच राहिले आणि १९२६ मध्ये तेथेच वारले.

या शिक्षेचा पुढचा धागा सर्वांना ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांची अनंत कान्हेरे या सुमारे अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळ्या घालून हत्या केली. त्यामागील कारणांत बाबारावांना झालेली शिक्षा हे प्रमुख होते, आणि कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या प्रकरणाची सहसा न सांगितली जाणारी एक बाजू अशी की जॅक्सन हे संस्कृत आणि मराठी जाणणारे अभ्यासक होते, आणि प्राथमिक शाळांतील शिक्षकांकडे प्रश्नावल्या पाठवून त्यांनी गुजरात व कोकणातील लोकसमजुती, व्रते आणि कथा यांचे मोठे साहित्य जमा केले होते, जे त्यांच्या मृत्यूनंतर सनदी अधिकारी एंथोवेन यांनी १९१४ आणि १९१५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. मुलांना गावात काय ऐकायला मिळते याविषयी इतके कुतूहल असलेल्या अधिकाऱ्याच्या कारकीर्दीतच मुलांनी काय म्हणावे यावरून इतका कठोर खटला झाला, आणि त्याचे प्रायश्चित्त त्याने व तीन तरुणांनी आपल्या प्राणांनी दिले, ही हानी कोणत्याही बाजूने मोजली तरी मोठीच भरते.

१९१० मध्ये आलेल्या मुद्रणविषयक कायद्याने बंदीची यंत्रणा अधिक व्यवस्थित केली. १८६७ पासूनच प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक होते आणि मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या, म्हणजे देशी भाषांतील मजकुराचे इंग्रजी भाषांतर व सारांश सरकारपुढे ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या कार्यालयातून ती वाचली जात. आता प्रांतिक सरकारला राजपत्रात अधिसूचना काढून कोणतेही प्रकाशन 'सरकारजमा' करता येऊ लागले, म्हणजे त्याच्या प्रती दिसतील तेथून पोलिसांनी उचलून न्याव्यात असा अधिकार मिळाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'तील 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध लेखकाच्या निधनाला अठ्ठावीस वर्षे लोटल्यावर या लाटेत सापडला आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ येईपर्यंत जप्तच राहिला. मेळ्यांवर निर्बंध आले, आणि विष्णू गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय याच काळात सरकारने बंद केले. जप्त प्रकाशनांचे मोठे संग्रह आज लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ज्या सरकारने ती लोकांच्या हातून काढून घेतली त्याच्याच दप्तरामुळे त्यांतील कित्येक पुस्तिका टिकून राहिल्या. मुलांच्या पदांच्या बाबतीत मात्र अभिलेखागाराची फारशी गरज पडली नाही, कारण पाठ झालेले पद जप्त करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात करता येत नव्हती, आणि पद्याला सरकार गद्यापेक्षा अधिक भीत असे त्याचे हेच कारण असावे असे मानण्यास जागा आहे.

या अनुमानाला बळ देणारे उदाहरण पुन्हा नाशिकशीच जोडलेले आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेले आणि तेथील मुलांसाठी 'विद्यार्थी' नावाचे नियतकालिक चालविणारे पांडुरंग सदाशिव साने १९३० मध्ये नोकरी सोडून सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले, आणि त्यानंतरच्या तुरुंगवासांपैकी एकात, नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मधील अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. आई आणि मुलगा यांच्या नात्याचे हे पुस्तक सरकारने अडविले नाही. त्याच साने गुरुजींच्या 'पत्री' या कवितासंग्रहाच्या प्रती मात्र जप्त झाल्या, कारण त्यातील 'बलसागर भारत'सारख्या कविता सभांतून आणि प्रभातफेऱ्यांतून म्हटल्या जाऊ लागल्या होत्या. 'श्यामची आई' मुले एकट्याने वाचून रडत, 'पत्री'तील कविता मुले एकत्र उभी राहून म्हणत, आणि सत्तेला धास्ती वाटते ती एकत्र म्हणण्याची. हीच कविता स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या प्रार्थनेच्या वेळी म्हटली गेली. ज्या पिढीने ती परिपाठात म्हटली तिला ती कधीकाळी जप्त झालेल्या पुस्तकातली आहे हे शाळेने सहसा सांगितले नाही, आणि हे न सांगणे मुलांच्या दृष्टीने नुकसानीचे होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम १९ ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता इत्यादी कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा ठेवली. विशेषतः मुलांच्या वाचनाचा विचार करून केलेला कायदाही आपल्याकडे झाला, याची कल्पना फार थोड्या पालकांना असते. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास भीतिकथांच्या चित्रमालिकांविरुद्ध मोठी ओरड झाली, ब्रिटनने १९५५ मध्ये त्यासाठी कायदा केला, आणि त्यापाठोपाठ १९५६ मध्ये भारतीय संसदेने तरुण व्यक्तींना अपायकारक असलेल्या प्रकाशनांविषयीचा अधिनियम संमत केला. त्यात वीस वर्षांखालील व्यक्ती ही 'तरुण व्यक्ती' मानलेली होती, आणि गुन्हे, क्रौर्य किंवा किळसवाण्या घटना अशा रीतीने रंगविणारी चित्रकथा की ज्यामुळे तिचे मन बिघडेल, ती विकणे हा गुन्हा ठरवला होता. सरकारने असे प्रकाशन जप्त केले तर त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची सोयही त्यात होती. हा कायदा फारसा वापरला गेला नाही, कारण मुलांच्या वाचनावर नियंत्रण ठेवण्याचे याहून सोपे साधन राज्यांच्या हाती आले होते, आणि ते म्हणजे पाठ्यपुस्तक.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाले, आणि तेव्हापासून मराठी घरांत मुलाच्या हाती पडणारे पहिले पुस्तक बहुधा त्याचेच असते. अनेक खेड्यांतील आणि वस्त्यांतील घरांत ते मुलाचे एकमेव पुस्तक असते. त्यामुळे त्यात काय यावे याविषयी समाजाने बोलणे हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो बोलण्यानंतर निर्णय कसा होतो याचा. २००७ मध्ये किशोरवयीनांच्या शिक्षणासाठी केंद्रीय कार्यक्रमातून आलेल्या साहित्यातील चित्रांवर विधिमंडळात आक्षेप घेतला गेला आणि राज्याने लैंगिक शिक्षणाचा तो कार्यक्रमच थांबविला. चित्रे वाईट असतील तर ती बदलता आली असती, परंतु मुलामुलींना आपल्या शरीराविषयी आणि एचआयव्हीसारख्या आजाराविषयी मिळणारी माहिती त्यांच्यासोबत गेली, आणि र. धों. कर्व्यांनी लैंगिक विषयांवर मोकळेपणाने लिहिणाऱ्या 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी न्यायालयांच्या पायऱ्या झिजविल्या त्या राज्यात हे व्हावे ही खेदाची गोष्ट होती. २०१७ मध्ये सातवीच्या इतिहासाच्या नव्या पुस्तकात मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी ठेवताना मुघलांना आणि त्याआधीच्या सुलतानांना दिलेली जागा फार आक्रसली. २०२४ मध्ये पहिलीच्या पुस्तकातील प्राण्यांच्या मैफलीवरील एका कवितेत हिंदी व इंग्रजी शब्द आल्यावरून मोठा गदारोळ झाला, जणू काही सहा वर्षांचे मूल घरी आणि रस्त्यावर ते शब्द ऐकतच नाही.

या साऱ्यांत सर्वांत अवघड प्रकरण २०१२ चे आहे. एनसीईआरटीच्या, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. त्यात राज्यघटनेच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले असून त्यांच्या मागे नेहरू हातात चाबूक घेऊन उभे आहेत, असे दाखविले होते. मे २०१२ मध्ये संसदेत त्यावर तीव्र आक्षेप घेतला गेला, सरकारने ते काढून टाकण्याचे जाहीर केले, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ही मोडतोड निषेधार्हच होती. परंतु आक्षेपामागचा सल समजून न घेता त्याला केवळ असहिष्णुता म्हणून बाजूला सारणेही चुकीचे ठरेल, कारण व्यंगचित्र १९४९ च्या वृत्तपत्रवाचकासाठी काढलेले होते आणि २०१२ मध्ये ते अशा वर्गात उघडले जात होते जिथे शेजारच्या बाकावरचा मुलगा त्याचा वापर दलित मुलाला डिवचण्यासाठी करू शकत होता. ज्यांच्या शंभर पिढ्यांना पुस्तकच नाकारले गेले त्यांनी पुस्तकात आपला नायक कसा दिसतो याविषयी हळवे असणे स्वाभाविक आहे. शिक्षकाने चित्राभोवतीचा काळ समजावून सांगणे, चित्राखाली पुरेसे विवेचन देणे किंवा सखोल चर्चेनंतर चित्र बदलणे हे सर्व मार्ग उपलब्ध होते. एका दिवसाच्या गोंधळात निर्णय घेऊन ते सारे बंद करण्यात आले. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने इतरही अनेक व्यंगचित्रांवर बोट ठेवले, तर समितीतील एम. एस. एस. पांडियन यांनी आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नोंदविले. येथे हेही सांगितले पाहिजे की हे चित्र काढणाऱ्या शंकर यांनीच १९५७ मध्ये दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन करून भारतीय मुलांना स्वस्त आणि देखणी पुस्तके दिली होती. त्याच पाठ्यपुस्तकमालेतून पुढच्या वर्षांत इतका मजकूर वगळला गेला की जून २०२३ मध्ये पळशीकर आणि यादव यांनी त्या पुस्तकांवरून आपली नावे काढावीत अशी लेखी विनंती परिषदेला केली.

वासाहतिक काळातील कायदा आणि मुलांचे रूपक यांची गाठ इतिहासजमा झाली आहे असेही नाही. हाँगकाँगमध्ये वाचा-उपचारतज्ज्ञांच्या संघटनेने मेंढ्यांचे गाव आणि त्यावर चालून येणारे लांडगे यांची चित्रमय पुस्तके मुलांसाठी काढली. जुलै २०२१ मध्ये संघटनेच्या पाच पदाधिकाऱ्यांना अटक झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना प्रत्येकी एकोणीस महिन्यांची कैद झाली. त्यांच्यावर लावलेले राजद्रोहाचे कलम ब्रिटिशांनीच तेथे मागे ठेवलेले होते. मेंढ्या म्हणजे हाँगकाँगचे लोक आणि लांडगे म्हणजे चीनचे सत्ताधारी असा अर्थ न्यायालयाने लावला, आणि वाचणारी मुले अगदी लहान वयाची आहेत ही गोष्ट गुन्हा सौम्य करणारी न मानता अधिक गंभीर करणारी मानली. नाशिकच्या पदांतील देव-दैत्य आणि हाँगकाँगच्या पुस्तकांतील मेंढ्या-लांडगे यांच्यामध्ये एकशे तेरा वर्षांचे अंतर असूनही न्यायालयापुढचा प्रश्न आणि त्याचे उत्तर एकच राहिले, यावरून हा विषय किती जिवंत आहे हे दिसून येते.

तरीही खटला आणि अधिसूचना या मार्गांत एक गोष्ट होती जी पाठ्यपुस्तकाच्या मार्गात नाही. १९१० च्या कायद्याने जप्तीच्या अधिसूचनेत सरकारने आपल्या मताची कारणे द्यावीत असे सांगितले होते, आणि दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे दाद मागण्याची सोय ठेवली होती. ती सोय बव्हंशी नाममात्र होती. मौलाना महंमद अली यांच्या १९१३ मधील प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश जेंकिन्स यांनीच हे सखेद दाखवून दिले. पण तिचा ढाचा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ व ९६ मध्ये आणि जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ व ९९ मध्ये उतरला, आणि स्वतंत्र भारतात तो कामीही आला. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरील महाराष्ट्र सरकारची बंदी २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, ते याच मार्गाने. पाठ्यपुस्तकातून धडा, कविता किंवा चित्र वगळले जाते तेव्हा अशी अधिसूचना निघत नाही, कारणे राजपत्रात छापली जात नाहीत, दाद मागण्याची मुदत सुरू होत नाही आणि पुढच्या वर्षीचे मूल वगळलेल्या मजकुराचे अस्तित्वच जाणत नाही. बालभारतीने कोणताही मजकूर मागे घेताना आक्षेप काय होता, तो कोणी तपासला, निर्णय कोणत्या कारणास्तव झाला आणि त्याविरुद्ध शिक्षकांनी, पालकांनी व लेखकाने कोणाकडे किती दिवसांत म्हणणे मांडावे, हे लेखी प्रसिद्ध करावे, आणि वगळलेला पाठ जुन्या आवृत्तीच्या रूपाने सर्वांना वाचण्यास उपलब्ध ठेवावा. ही मागणी शिक्षकसंघटनांनी आणि साहित्यसंस्थांनी शासनापुढे नेटाने मांडली पाहिजे; परक्या सरकारने निदान कागदावर दिलेला हक्क आपल्या सरकारकडून आपल्या मुलांच्या पुस्तकांसाठी मागण्यात काहीही अवास्तव नाही.